टेबलाचा गुण

१२ मार्च

सौ. यांस,

पत्र लिहिण्यास कारण काहीही नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, समोर पेन होतं, कागद होता, म्हणून लिहायला बसलो. तू गेलीस म्हणून लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नकोस, आणि तुझ्या ताईलाही करून देऊ नकोस. फोन तर तू उचलत नाहीस. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते तरी उघडशील अशी आशा आहे.

इकडे सगळं उत्तम. दुकान वेळेवर उघडतं. काचा कापल्या जातात. मीच कापतो. पहिली काच काल कापली. म्हणजे तिचे दोन तुकडे झाले हे खरं, फक्त कटरची रेघ एकीकडे राहिली आणि काच दुसरीकडे गेली. पहिल्या दिवशी असं व्हायचंच. दुसरी काच पण तशीच गेली, पण ती मुळात खराब असावी. कारखान्यातूनच तशी आली असणार.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी मी काय बोललो ते मला नीट आठवतं, तेव्हा ताईला तिखटमीठ लावून सांगू नकोस. शेजारचा सलूनवाला दारात उभा होता. त्याने विचारलं, "वहिनी तंत्रशाळेत काचकाम शिकवायला जाणार म्हणे?" त्यावर मी एवढंच म्हणालो, "ती काय शिकवणार! सगळी कमाल टेबलाची आहे. बाबांच्या त्या टेबलावर कोणीही काच कापेल." हे गमतीत होतं. सलूनवाला हसला, म्हणजे गंमतच होती. तू पडद्यामागे उभी आहेस हे मला ठाऊक असतं तर मी हेच वाक्य जरा हळू म्हटलं असतं.

यात पिशवी भरून थेट ताईकडे जाण्यासारखं काय होतं? शाळेचं निवडीचं प्रात्यक्षिक पुढच्या महिन्यात आहे. आत्तापासून तिथे जाऊन काय करणार? ताईच्या गावातल्या त्या शाळेला आपण दोघं माहीत नाही, आपलं दुकान माहीत नाही. निवड करणारे लोक चष्म्यावरून बघतात आणि भलते प्रश्न विचारतात. अनोळखी माणसासमोर चहा ओतताना तुझा हात कापतो. मी तुझ्या भल्यासाठीच बोलतो, पण ते कोण लक्षात घेतं.

सलूनवाल्याला नवा आरसा हवाय. सगळ्या खुर्च्यांसमोरून जाणारा, एकसंध, लांबलचक. मी हो म्हटलं आहे.

तुझा,
(रागावलेला नाही)

२० मार्च

सौ. यांस,

तुझं उत्तर नाही. ताईचं आलं. त्यात "ती ठीक आहे" इतकंच होतं. एवढ्या मोठ्या कागदावर तीनच शब्द लिहायचे म्हणजे कागदाचा अपमान आहे.

मी मजेत आहे. बोटाला पट्टी आहे, पण ती उजव्या हाताला नाही. उजव्या हाताला आहे ती वेगळी.

सलूनवाल्याने मला एक पुस्तिका वाचायला दिली आहे. त्याच्याकडे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली असते. विषय आत्मविश्वास. त्यात लिहिलंय की यशस्वी माणूस आणि अयशस्वी माणूस यांच्यात फरक फक्त स्वतःवरच्या विश्वासाचा असतो. मला हे वाचून फार धीर आला, कारण विश्वासाच्या बाबतीत मी कधीच कमी पडलो नाही. त्यात सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी दुकानातल्या आरशासमोर उभा राहून "मला जमतं, मला जमतं" असं मोठ्याने म्हणतो. परवा एक बाई फोटोची काच न्यायला आल्या आणि मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "काय जमतं?" मी म्हटलं, "काहीही." त्या काच न घेताच गेल्या. काच तयारही नव्हती, त्यामुळे बरंच झालं.

पुस्तिकेत पुढे असं आहे की अपयशाकडे हसून पाहावं. परवा लांब काच फुटली तेव्हा मी तिच्याकडे पाहून इतका हसलो की सलूनवाला अर्धी दाढी सोडून धावत आला.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. माझी सुरुवात अगदी झोकात होते. पट्टी लावतो, कटर रॉकेलात बुडवतो, तू लावतेस तसा कान लावतो. बारीक करकर ऐकू येते. अगदी तुझ्यासारखी. आणि मध्यावर आलो की काच आपल्या मनाला येईल तिकडे जाते. दर वेळी मध्यावरच. लहान काचा निघतात कशाबशा. म्हणून मी लोकांना फोटो लहान करून घ्यायला सुचवतो. एका कुटुंबाला म्हटलं, फोटोतले हे कडेचे काका वगळले तर आत्ता काच देतो. काका स्वतःच आले होते.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हो, हात बिघडला का तुमचा?" इतकी वर्षं मीच कापतो असं त्यांना वाटत होतं. तसं मी कधी तोंडाने म्हटलेलं नाही. तू पडद्यामागून काच सरकवायचीस, मी ती फडक्याने पुसत बाहेर आणायचो. पुसताना जरा धाप लागल्यासारखं करायचो, बस्स. त्यावरून लोकांनी काय समजायचं हा त्यांचा प्रश्न आहे.

आत्मविश्वास भरपूर आहे. काच मात्र संपत आली आहे. ती कुठून मागवायची ते तूच बघत होतीस, तेवढं कळव.

तुझाच

२७ मार्च

सौ. यांस,

तुझ्या ताईचं मोठं पत्र मिळालं. आता कागदाचा पुरेपूर वापर केलाय. तिने लिहिलंय ते असं: शाळेने उमेदवारांना तिथल्या टेबलावर सराव करू दिला. तू लांब काच घेतलीस. मध्यावर रेघ पुसट झाली आणि काच भलतीकडून तडकली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तू घरी येऊन तोंड फिरवून झोपलीस. तू म्हणतेस की तुझा हात फक्त आपल्या टेबलावर चालतो, दुसरीकडे चालत नाही. आणि ताईने शेवटी विचारलंय, "ते टेबल पाठवता येईल का?"

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी जे म्हणालो तेच तू आता म्हणतेस. कमाल टेबलाची! मी सलूनवाल्याकडे जाऊन त्याला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुम्ही जिंकलात." मी म्हटलं, "जिंकलोच." मग घरी येऊन चहा केला, तो गोड लागला नाही. साखर घालायची राहिली होती, हेही एक कारण असू शकेल.

टेबल पाठवणार नाही असं मी आधी ठरवलं होतं. ते बाबांचं आहे. त्यांनी ते आतल्या खोलीतच ठोकून बांधलं. खोलीला दार आहे आणि दारातून ते जाणार नाही, हे बहुधा बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनीच तुला त्यावर कटर धरायला शिकवलं, मला नाही. मला म्हणाले होते, "तुझं तोंड थांबत नाही, तू गिऱ्हाईक सांभाळ." मी सांभाळलं. आजही सांभाळतोय, म्हणजे जे उरलेत त्यांना.

पण मग विचार केला, मला तरी ते टेबल कुठे साथ देतंय? तू गेल्यापासून ते माझ्यावर रुसलं आहे. तेव्हा सुताराला बोलावलं आहे. पाय काढून, फळी सोडवून बाहेर काढता येतं का बघतो म्हणाला. मी टेबल पाठवतोय याचा अर्थ मी माघार घेतली असा नाही. तू तिथे नापास झालीस तर दोष टेबलावर येऊ नये, इतकाच हेतू आहे.

जेवतेस ना नीट? ताईला विचारलं होतं, तिने टेबलाबद्दलच लिहिलं.

तुझाच

३१ मार्च, सकाळ

प्रिय,

तुझं पत्र आलं! तुझ्या स्वतःच्या अक्षरातलं! पोस्टमनच्या हातातून मी ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं, तो म्हणाला, "अहो, देतोच आहे."

"टेबल राहू द्या. मला नाही जमणार ते. शाळेतून नाव काढून घेते आणि रविवारच्या गाडीने घरी येते." बस्स, एवढंच लिहिलंस, पण मला तेवढं पुरलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्यालाही वाचून दाखवलं.

ये. लवकर ये. मी सगळी काच झाडून काढली आहे, कानाकोपऱ्यातली सुद्धा. आतल्या खोलीचा दिवा बदलला. पडदा धुवायला टाकला. सलूनवाल्याला सांगून आलो की त्याचा आरसा आता पुढच्या आठवड्यात नक्की. तो म्हणाला, "वहिनी येणार म्हणून सांगताय की तुम्हाला जमायला लागलं?" मला राग आला नाही, एवढा मी खुशीत आहे.

जाऊ दे ती शाळा. तुला काय गरज आहे? इथे तुझं टेबल आहे, तुझी जागा आहे, आणि बाहेर मी आहे. पूर्वी चालत होतं तसंच चालेल. रविवारी स्टेशनवर घ्यायला येतो. पिशवी तू उचलू नकोस.

सुतार दारात उभा आहे. त्याला आता परत पाठवायला हवं. फुकट हेलपाटा पडला बिचाऱ्याला.

तुझाच तुझा

३१ मार्च, दुपार

प्रिय,

सकाळचं पत्र सोबत ठेवलं आहे. फाडणार होतो. मग वाटलं, तुला कळू दे मी किती आनंदात होतो. ते आधी वाच, मग हे वाच. आता वाचलंच असशील, तर नीट बसून पुढचं वाच.

सुताराला मी म्हटलं, आता टेबल कुठे जायचं नाही, मालकीणच येते आहे. तो म्हणाला, आलोच आहे तर पाय डगमगतात का बघून जातो. आत गेला. बाबांच्या वेळेपासून टेबलावर जे जाड कांबळं अंथरलेलं आहे, ते त्याने उचललं. आजवर ते कोणी उचललं नव्हतं. तू झटकायचीस ते वरच्या वर. त्याने फळीवर त्याची लांब पट्टी आडवी ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. मग मला म्हणाला, "इकडे या."

पट्टीच्या खालून मला पलीकडची भिंत दिसत होती. मधोमध. टेबलाला चांगला खळगा पडलाय, ताट ठेवलं तर बसेल असा. त्याने विचारलं, "यावर तुम्ही भाजी वगैरे चिरता का?" मी म्हटलं, काच कापतो. तो म्हणाला, "काच? यावर? लांब काच तर मध्यावर आली की तिला खाली आधारच नाही. जरा दाबलं की फुटणार." मी म्हटलं, फुटते. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं कोण कापत होतं?"

मी सांगितलं, माझी बायको. त्याने कांबळं परत अंथरलं, हळूच अंथरलं, आणि म्हणाला, "यापेक्षा वाईट टेबल मी काचेच्या दुकानात बघितलं नाही. त्यांना एकदा भेटायला आवडेल." आणि गेला.

मी तिथेच उभा राहिलो. मग मला तुझ्या टाचा आठवल्या. लांब काच कापताना मध्यावर आलीस की तू टाचा उचलतेस. अंग वर घेतेस, हात हलका होतो, आणि खळगा संपला की पुन्हा खाली येतेस. मी तुझी ती नक्कल सलूनवाल्याला करून दाखवली होती, "आमची बायको नाचत काच कापते" म्हणून. तूही हसली होतीस. तुला ठाऊक नव्हतं तू असं का करतेस, आणि मलाही नव्हतं. हाताला ठाऊक होतं.

आता ऐक. शाळेचं टेबल सपाट आहे. तिथे खळगा नाही. तू सवयीने मध्यावर टाचा उचलतेस, हात हलका होतो, म्हणून रेघ पुसट होते आणि काच भलतीकडे जाते. तुझा हात बिघडलेला नाही. तो आपल्या वाकड्या टेबलाची दुरुस्ती तिकडच्या सरळ टेबलावर करतोय. टाचा जमिनीला चिकटवून ठेव. पूर्ण रेघ एका वजनाने जाऊ दे. बस्स.

ती पुस्तिका मी सलूनवाल्याला परत दिली. तिच्यात लिहिलंय की स्वतःला रोज सांगा, मला जमतं. मी सांगत होतो, आणि काच माझं ऐकत नव्हती, कारण ते खरंच नव्हतं. तुला तर कधी काही म्हणायचीही गरज नव्हती. तुझ्या हाताखालून निघालेली प्रत्येक काच तेच सांगत होती, आणि मी ती पुसत पुसत बाहेर न्यायचो. तुझ्यापर्यंत काही पोहोचू दिलं नाही. टेबल चांगलं, टेबल चांगलं, असं म्हणत राहिलो आणि तुला ते पटत गेलं.

रविवारी येऊ नकोस.

हे वाक्य लिहिताना मला किती जड गेलं ते तुला कळणार नाही, आणि कळवायचंही नाही. घर रिकामं आहे. मला वरण नीट येत नाही, काच नीट येत नाही, आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर कोणाशी बोलावं हे तर अजिबातच कळत नाही. तू निवडली गेलीस तर तू तिकडेच राहशील हे मला समजतं. त्याची मला भीती वाटते. तरी येऊ नकोस. नाव काढून घेतलं असशील तर परत जाऊन घाल, हातापाया पडून घाल. आणि तरीही नाहीच जमलं, तर मग ये, मी स्टेशनवर असेन. पण टाचा उचलून नापास झालीस तर मी तुला घरात घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकतोय, नाहीतर माझा विचार बदलेल.

तुझा

११ एप्रिल

ती. अहो यांस,

तुमची दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून मिळाली. आधी पहिलं वाचलं आणि पिशवी भरायला घेतली. मग दुसरं वाचलं आणि पिशवी रिकामी केली. ताई म्हणाली, काय ते एकदा ठरवा तुम्ही दोघं.

तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवून मी आजवर काही केलेलं नाही, याही वेळी केलं नाही. ताईचं जेवणाचं टेबल सपाट आहे. तिच्याच कपाटाची जुनी काच त्यावर घेतली आणि ताईला म्हटलं, खाली बस आणि माझ्या टाचा धरून ठेव. तिने धरल्या. काच सरळ निघाली. मग तिला सोडायला सांगितलं आणि दुसरी कापली. तीही निघाली. ताई अजून खालीच बसली होती. ती म्हणाली, "अगं, तू रडतेस का?" मी म्हटलं, रॉकेल डोळ्यात गेलं.

नाव काढून घेतलं नव्हतं. अर्ज लिहून ठेवला होता, द्यायला धीर झाला नाही. म्हणजे धीर नसण्याचा एकदा तरी उपयोग झाला.

प्रात्यक्षिकाला चष्मेवाले होतेच. हात कापायला लागला. तुम्ही म्हणता तसा, चहा ओतताना कापतो तसाच. मग मी कटर काचेवर टेकवला आणि हात स्थिर झाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो करकर आवाज एकसारखा येत राहिला, कुठेही बारीक झाला नाही. इतका सलग आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. काच टेबलाच्या कडेवर ठेवून दाबली, तर नुसतं टक् झालं. एका साहेबांनी कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दुकान कोणाचं आहे तुमचं?" मी म्हटलं, टेबल सासऱ्यांचं, तोंड नवऱ्याचं, हात माझा. हे मी कसं बोलले मला माहीत नाही.

त्यांनी मला घेतलं आहे. वर्ग जूनपासून. आठवड्याचे पाच दिवस इकडे, शनिवार-रविवार दुकानात. सलूनवाल्या भाऊजींना सांगा, आरसा या शनिवारी येऊन कापते, तोवर हात लावू नका. सुताराकडून टेबल सरळ करून घ्या. आणि तो पडदा धुतलाय तर धुतलाय, पण परत लावू नका.

राहता राहिली तुमची गोष्ट. एकट्याने दुकानात बसून काचा फोडत राहण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्गात अजून जागा आहेत. वयाची अट आहे का, हे मी साहेबांना विचारून घेतलं, नाही म्हणाले. यायचं असेल तर रीतसर अर्ज करा, ओळख सांगू नका. ताईकडे राहायची सोय आहे. वर्गात सगळे मला मॅडम म्हणणार आहेत. आत्तापासून सवय करा.

तुमची,
काचकाम शिक्षिका